पाण्याच्या काठच्या वहाणा

"माज्या नवऱ्याला मी मारलं का, एवढंच सांगा," म्हातारी म्हणाली आणि खुर्ची सोडून सरळ फरशीवर टेकली.

गोपाळरावांच्या हातातली शेंगांची पुडी तशीच राहिली. नव्या पेठेतल्या त्या माडीवरच्या खोलीत नाना तऱ्हेचे लोक येत. नवऱ्यावर पाळत ठेवा म्हणणाऱ्या बायका येत, होणाऱ्या जावयाची चौकशी करा म्हणणारे सासरे येत. पण स्वतःवरच आरोप घेऊन आलेलं माणूस गोपाळरावांनी प्रथमच पाहिलं. ते कोषागारातून निवृत्त झालेले, मनानं मऊ आणि डोक्यानं जरा संथ. मावसबहीण रुक्मिणी करकंबकर हिची गाडी चालवणं आणि तिच्या तपासात चुकीचे तर्क लढवणं, ही दोन कामं ते निष्ठेनं करत.

रुक्मिणीबाई पूर्वी एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायच्या. खोटं बोलणारी माणसं ऐकून ऐकून त्यांना खरं बोलणाऱ्यांचा आवाज ओळखू यायला लागला होता. त्या उठल्या आणि म्हातारीसमोर फरशीवर बसल्या.

"आजी, पहिल्यापासून सांगा."

म्हातारीचं नाव केराबाई. बरोबर कॉलेजात जाणारी नात होती, सृष्टी. आजीच्या नवऱ्याचा दहावा उरकून दोनच दिवस झाले होते. नवरा म्हणजे येडूआबा. हयात मेंढरांमागं गेलेली. सांगोल्याकडचा माळ, पाऊस संपला की भीमाकाठ, पुन्हा माळ. हातपाय थकले तसा कळप विकला आणि मुलानं दोघांना सोलापुरात आणलं. शहरात आल्यावर आबांचं भान सुटत गेलं.

"रातचं उटून मेंढरं हुडकाय जायाचा," केराबाई म्हणाली. "म्हनायचा, कळप सुटलाय. एकदा पार हायवेला गावला. तवापास्नं मी लोकरीची दोरी केली. एक टोक त्याच्या मनगटाला, एक माज्या. त्यो हालला की मी जागी. एक रात चुकवली न्हाय बाई मी."

"आणि त्या रात्री?"

"त्या राती सोडली."

पुढचं सृष्टीनं सांगितलं. नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून कोकणात गेले होते. आजी-आबा, सृष्टीचे आईवडील, म्हणजे विजयमाला आणि बिरुदेव, आत्या अंबू, तिचे यजमान मल्हार आणि त्यांचं लहान बाळ. मल्हार मैंदर्गीच्या शाळेत शिक्षक, पण आधी बरीच वर्षं कोकणात नोकरीला होते. आबांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांना दाखवू या, ही कल्पना त्यांचीच. बिरुदेव सरकारी कचेरीत लिपिक. त्यांनी रजा काढली, गाडी भाड्यानं घेतली.

"अवसेला निगू नगा म्हनलं हुतं मी," केराबाई मध्येच म्हणाली. "कोन ऐकतंय. सुट्टी तेवडीच हाय म्हनले."

वाडेखोल नावाच्या गावात समुद्राकाठी एक छोटं लॉज होतं. दिवस मावळता मावळता ते पोचले. तीन खोल्या होत्या. एकीत आत्याचं कुटुंब, एकीत बायका, एकीत बिरुदेव आणि आबा.

"बिरू म्हनला, आये, जलमभर तू जागलीस, आज निवांत झोप. आबाला मी बघतो. मलाबी वाटलं, एक रात झोपावं. दोरी सोडली, झोपंच्या गोळ्यांचं पाकीट बिरूच्या हातात दिलं, म्हनलं अर्दी दे. अन् लई झोपले बाई. मेल्यावानी झोपले."

सकाळी आबांच्या वहाणा आणि घोंगडी पाण्याच्या काठाला सापडली. आबा दुपारी पलीकडच्या खडकात सापडले.

"पप्पा म्हणतात, गोळी द्यायच्या आधीच आबा उठून वाळूवर जाऊन बसले," सृष्टी म्हणाली. "पप्पांना वाटलं, बसू दे वाऱ्याला. मग पप्पांचा डोळा लागला."

"म्हंजी दोरी असती तर त्यो गेला नसता," केराबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते कधीच आटून गेलं होतं. "घास उतरत न्हाय बाई. लोकं मल्हारचं नाव घेत्यात. म्हनत्यात, त्यानंच नेलं, त्यालाच समिंदर ठावा. पोरीचं घर मोडायची येळ आली. मला मल्हारचं न्हाय, माजं सांगा. दोरी सोडली म्हनून गेला का त्यो?"

सृष्टीनं फोनवरचे फोटो दाखवले. पहिला संध्याकाळचा. लांबच लांब वाळू, समुद्र कुठं तरी दूर रेघेसारखा आणि त्याच्यापुढं अनवाणी उभे आबा, हात जोडून.

"वहाणा कुठं आहेत यात?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"पार वर, सुरूच्या झाडांत काढल्या होत्या. मी म्हटलं, आबा, वाळू टोचेल. तर म्हणाले, देवाच्या म्होरं वहाणा घालून जात्यात व्हय? आजीकडून भंडारा घेतला आणि समुद्राला उधळला."

दुसरा फोटो सकाळचा. तसाच दूर समुद्र. पाण्याच्या कडेला वहाणांचा जोड, शेजारी नीट घडी केलेली घोंगडी.

"हा कधी काढलास?"

सृष्टीचा चेहरा उतरला. "उजाडल्या उजाडल्या. मी समुद्राचे फोटो काढायला गेले होते. वाटलं, आबा असतील इथंच कुठं. मी हा स्टेटसला टाकला. 'आबांचा पहिला समुद्र' म्हणून." तिनं फोन मांडीत पालथा ठेवला.  "मग मी वहाणा, घोंगडी उचलून खोलीकडं आले. घोंगडी आजीला पांघरायला दिली, थंडी होती म्हणून."

"ओली नव्हती?"

"नाही. कोरडी होती की."

"पोलिसांनी त्या जागेवर पाहिल्या का?"

"नाही. ते येईस्तोवर उचललेल्याच होत्या. लगेच आम्हाला तालुक्याला ठाण्यात नेलं, तिथून दवाखान्यात. तिथूनच रात्री आबांना घेऊन परत निघालो."

रुक्मिणीबाईंनी दोन्ही फोटो मागून घेतले. आजीला त्या म्हणाल्या, "उत्तर मिळेल. पण ते ऐकायला जड गेलं तर?"

"ह्याच्यापरीस जड काय असनार?" केराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुळे सोलापूर भागातल्या बिरुदेवांच्या घरी पहिली गाठ पडली ती विजयमालाशी. तिनं चहा टाकला, कपबशा मांडल्या आणि एकदम म्हणाली, "लग्न झाल्यापासून आम्ही कुठं गेलो नव्हतो हो. एकदा सुद्धा. दोन दिवस निवांत मिळावेत म्हणून मीच मागं लागले होते."

"आबांचा त्रास व्हायचा?"

"खोटं कशाला बोलू? व्हायचा. रात्री दार वाजवायचे, कळप सुटला म्हणून ओरडायचे. हे सकाळी कचेरीत डुलक्या काढायचे, बोलणी खायचे. पण आबांवर हात सोडा, शब्दसुद्धा टाकला नाही यांनी कधी."

"आबांच्या गोळ्या कुठं आहेत?"

"त्या? ते पाकीट मला बॅग रिकामी करताना सापडलं. टाकून दिलं. रिकामंच होतं." तिनं कपाळाला आठी घातली. "निघताना नवीन घेतलं होतं खरं मी."

गोपाळरावांनी मान डोलावली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

"बिरुदेवांनी सगळं धीरानं केलं म्हणतात."

"डोळ्यांतून टिपूस नाही. पोलिसांशी बोलले, गाडी ठरवली, कागदांवर सह्या केल्या. दवाखान्यात मात्र कोसळले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बुडूनच गेलेत, श्वासनळीत वाळू आणि पाणी सापडलंय. तर हे उभ्या उभ्या खाली बसले आणि ओकले. तेव्हापासून नीट जेवत नाहीत, झोपत नाहीत. आतड्याचे वगैरे नमुने तपासायला पाठवलेत, त्याचा अहवाल यायचाय. पोस्टमन आला तरी दचकतात."

बिरुदेव कचेरीतून आला. खांद्यात वाकलेला, दाढी वाढलेली. रुक्मिणीबाईंचे प्रश्न त्यानं खाली मान घालून ऐकले.

"जेवण झाल्यावर गोळी द्यायला वळलो तर आबा खोलीत नाहीत. बाहेर येऊन बॅटरी मारली. पाण्याजवळ बसले होते."

"कुठं नेमकं?"

"सकाळी वहाणा सापडल्या ना, तिथंच. शेजारी वहाणा काढलेल्या, घोंगडी ठेवलेली. हाक मारली, तर हातानंच म्हणाले, जा. म्हटलं, बसू दे. परत येऊन खाटेवर टेकलो आणि झोप लागली. दिवसभर गाडी चालवली होती मी."

"म्हणजे वहाणा रात्री जेवणानंतर तिथं होत्या, त्या सकाळपर्यंत तिथंच राहिल्या."

"हो."

"गोळी दिलीच नाही?"

"नाही, सांगतोय की." त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. "माझी चूक झाली. मी लक्ष ठेवायला पाहिजे होतं. आईला सांगतो मी, तुझी नाही, माझी चूक आहे. ती ऐकत नाही."

गाडीत बसताना गोपाळराव हळहळले. "बिचारा! बापाच्या मरणाचा दोष स्वतःवर घेतोय. ताई, मला तर तो जावईच खटकतोय. नेलं त्यानं, समुद्राची माहिती त्याला."

"मग त्यालाच भेटू," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

मैंदर्गीत मल्हारच्या दारात शेजारचे महादेवप्पा बसले होते. "बर्री, बर्री," असं कानडीतून 'या, या' म्हणत त्यांनी खाट झटकली आणि पाहुणे कशासाठी आलेत हे कळताच उठून गेले. एवढ्यावरूनच मल्हारची गावात काय अवस्था झाली असेल, ते दिसत होतं. आत अंबू लेकराला थोपटत होती. ती बाहेर आली नाही.

मल्हार उंच, शांत माणूस होता. उत्तरं तुटक देत होता. बाळाला ताप होता म्हणून संध्याकाळपासून आपण खोलीबाहेर पडलो नाही, सकाळी सृष्टीच्या हाकेनं बाहेर आलो, तडक पाण्यात शिरलो, पोहत लांबवर शोधलं.

"बिरुदेव म्हणतात, जेवणानंतर आबा पाण्याजवळ बसलेले त्यांनी पाहिले. सकाळी वहाणा होत्या त्याच जागी."

मल्हारनं समोरच्या कडुलिंबाकडं तोंड वळवलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"बिरूभाऊ म्हणतात, तर असेल."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मामींना, माझ्या सासूला, एकच मुलगा आहे, बाई," मल्हार म्हणाला. "मला समुद्राबद्दल काही विचारू नका."

परतीच्या वाटेवर गोपाळराव जोरात होते. "बघितलंत? समुद्राचं नाव काढलं की तोंड मिटतं! पाण्यात शिरला म्हणे. खुणा पुसायलाच शिरला असेल."

"गोपाळराव, उद्या पहाटे कोकणात जाऊ."

"उद्या?" गोपाळरावांनी गाडीचा वेगच कमी केला. "उद्या पौर्णिमा. घरी सत्यनारायण आहे. शिवाय सिद्धेश्वराची जत्रा लागली, तिथल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता चुकवायच्या?"

"पौर्णिमा आहे म्हणूनच."

गोपाळरावांना काही कळलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे न कळताच ऐकलं.

पहाटे निघून, घाट उतरून, ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते वाडेखोलला पोचले. गोपाळराव उत्साहानं सुरूच्या झाडांतून पुढं गेले आणि थबकले. लाटा झाडांच्या मुळांशीच आपटत होत्या. फेस त्यांच्या बुटांपर्यंत आला.

"अहो ताई, आपण चुकीच्या गावी आलो! फोटोत तर केवढी वाळू होती. इथं बसायला हातभर जागा नाही."

"लॉजच्या पाटीवर नाव तर तेच आहे."

"मग दुसऱ्या बाजूनं काढला असेल फोटो." गोपाळरावांचा पार हिरमोड झाला. सत्यनारायण गेला, जत्रा गेली आणि समुद्रही मनासारखा नाही. माशांचं जेवण त्यांना चालत नव्हतं. वरणभात खाऊन ते गाडीत आडवे झाले आणि लवकरच घोरू लागले.

रुक्मिणीबाई झाडाखाली एका दगडावर बसून राहिल्या. दुपार कलली, संध्याकाळ झाली. त्यांनी काच वाजवून गोपाळरावांना उठवलं. "चला. काम झालं."

"काय झालं?" त्यांनी डोळे चोळत विचारलं.

"समुद्र बघितला." त्यांचा चेहरा पाहून गोपाळरावांनी पुढं विचारलं नाही. गाडी वळवताना त्यांनी मागंही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांचे पुष्कळ तर्क वाचले असते.

जुळे सोलापुरातल्या त्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. केराबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, शेजारी सृष्टी. दारापाशी मल्हार आणि अंबू. त्यांना कुणी या बसा म्हटलं नव्हतं. बिरुदेव खुर्चीत, विजयमाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. जत्रेतली हलगी लांबून ऐकू येत होती.

रुक्मिणीबाईंनी दोन्ही फोटो समोर ठेवले.

"तुम्ही सगळे दिवस मावळताना समुद्रावर पोचलात. तेव्हा समुद्र दूर होता. सकाळी उजाडताना पाहिलात, तेव्हाही दूर होता. दुपारी तुम्ही ठाण्यात आणि दवाखान्यात. म्हणजे या घरातल्या माणसांनी समुद्र दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा एकाच जागी. तुम्हाला तो तळ्यासारखा वाटला. तळ्याचं पाणी रात्रीत जागा सोडत नाही. माळावर वाढलेल्या कुणालाही असंच वाटेल. आमच्या गोपाळरावांनाही वाटलं."

गोपाळराव खाकरले.

"पण समुद्र भरतो आणि ओसरतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला तर सर्वांत मोठं उधाण. त्या किनाऱ्यावर त्या तिथींना भरती येते भर दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी सकाळ-संध्याकाळ. तुम्ही गेलात तेव्हा अमावास्या होती, आजी, तुम्हीच म्हणालात. मी पौर्णिमेला गेले. दुपारी पाणी सुरूच्या झाडांना लागलं होतं. संध्याकाळी ते फोटोतल्याइतकं मागं गेलं. म्हणजे त्या रात्रीही जेवणं होईपर्यंत ही जागा पाण्याखाली गेली होती. मध्यरात्री तिच्यावर माणूस बुडेल इतकं पाणी होतं."

रुक्मिणीबाईंनी सकाळचा फोटो पुढं सरकवला.

"आता बघा. या वहाणा रात्री तिथं असत्या तर सकाळी दिसल्या नसत्या. ही घोंगडी कोरडी राहिली नसती. म्हणजे त्या पहाटे ठेवल्या, पाणी ओसरल्यावर. आबांनी त्या ठेवल्या नाहीत. आबा देवापुढं वहाणा घालून जात नव्हते. त्यांनी त्या झाडांत काढल्या असत्या. आणि तिथं आबा जेवणानंतर बसले होते, हेही खोटं. बसायला वाळूच नव्हती."

विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. बिरुदेव फोटोकडं पाहत होता.

"वहाणा ठेवणाऱ्याला भरती-ओहोटी ठाऊक नव्हती. म्हणून ते मल्हार नाहीत. लोक त्यांना समुद्राचा जाणकार म्हणून दोषी धरतात आणि त्याच कारणानं ते सुटतात. त्यांनी ही चूक केलीच नसती. उलट, बिरुदेवांचं बोलणं ऐकलं त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. होय ना?"

मल्हारनं मान खाली घातली. "मामींना काय सांगणार होतो मी? बाप गेला, आता मुलगाही घ्या म्हणून?"

अंबूनं पहिल्यांदाच नवऱ्याकडं सरळ पाहिलं. इतके दिवस तिलाही संशय होता, हे तिच्या तोंडावरून लपेना.

"पण खोटं बोलायचं कारण काय?" गोपाळरावांना राहवलं नाही.

"कारण गोळी. बिरुदेव पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, गोळी द्यायच्या आधी आबा गेले. आबा रात्रभर खोलीत होते असं म्हटलं, की गोळीचा प्रश्न येतो. निघताना नवीन घेतलेलं पाकीट परत आलं ते रिकामं. बिरुदेव, एक निवांत रात्र हवी होती तुम्हाला. एवढंच ना?"

बिरुदेवानं फोटो हातानं दूर सारला. 

"अर्ध्या गोळीनं ते झोपायचे नाहीत. खोलीत आल्यापासून दाराशी झटत होते. कळप सुटला, कळप सुटला. पलीकडं बायका हसत होत्या. विजू हसत होती, किती वर्षांनी. म्हटलं, आज नको. दिल्या मी. चहातून दिल्या. किती ते बघितलं नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पहाटे उठलो तर गार पडले होते. हलवलं, हाका मारल्या. श्वास नव्हता. मला वाटलं, मी मारलं. नोकरी, पोरीचं लग्न, आई... काही सुचेना. उचलून नेलं. एवढेसे झाले होते हो आबा. पाण्यात सोडलं आणि वहाणा काठाला ठेवल्या, घोंगडीची घडी केली. वाटलं, लोक म्हणतील, चुकून गेले."

विजयमालानं तोंडात पदर कोंबला.

"इथवर तुम्ही एक अपघात लपवत होता," रुक्मिणीबाई हळू म्हणाल्या. "म्हणून तुम्ही धीरानं वागू शकलात. मग डॉक्टर बाहेर आले. सगळ्यांना वाटत होतं आबा बुडाले, आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं. कुणाला धक्का बसला नाही. बसला तो एकट्या तुम्हाला. बाप बुडाला असंच सांगत आलेला मुलगा, डॉक्टरांनी तेच म्हटल्यावर का कोसळावा? या एका गोष्टीवरून माझी खात्री पटली. मेलेल्या माणसाच्या श्वासनळीत खोलवर वाळू जात नाही. पाण्यात पडल्यावर जो श्वास घेतो, त्याच्या जाते."

सृष्टी वडिलांपासून नजर काढू शकली नाही. तिला आता कळलं, आणि गोपाळरावांनाही कळलं.  पाण्यात सोडला तेव्हा म्हातारा जिवंत होता.

"तुम्ही विचारलं होतं, आजी," रुक्मिणीबाई केराबाईंकडं वळल्या. "तुमच्याकडून काही झालेलं नाही. आबा स्वतःहून कुठंच गेले नाहीत. ते अंथरुणातच होते."

केराबाई उठली. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात देत मुलाच्या खुर्चीपाशी आली. तो खाली घसरला आणि तिच्या पायांशी आला. तिनं पाय मागं घेतले नाहीत, हातही पुढं केला नाही.

"गार पडला हुता म्हनतोस."

"व्हय, आये." कचेरीतली भाषा गळून पडली होती.

"थंडीत जलमलेलं कोकरू असंच गार पडतंय. दगडावानी. मान टाकतंय, नाकाला हात लावला तर वारा लागत न्हाय. परका मानूस म्हनंल, मेलं. आमी टाकत न्हाय. पोटाशी धरून बसतो, चोळतो, ऊब देतो. किती उटली माज्या मांडीवरनं! तुज्याम्होरं उटली, बिरू. तू ल्हान हुतास. टाळ्या वाजवायचास."

बिरुदेव हुंदके देत होता. ते हुंदके ऐकवत नव्हते.

"मी भित्तीच्या पल्याड हुते," केराबाई म्हणाली. "एक भित्त. मला का न्हाई उटवलंस?"

त्यानं कपाळ तिच्या पायांवर टेकलं. 

रुक्मिणीबाई काही बोलणार होत्या; पोलिसांना कळवणं भाग आहे, असंच काही. म्हातारीनं हातानंच थांबवलं.

"तुमी नगा कळवू, बाई. त्यो आपल्या पायानं जाईल." मग ती सुनेकडं वळली. "विजे, त्याला भाकर वाढ. सकाळपास्नं पोटात काय न्हाय त्याच्या. खाऊन झालं की मी नेते ठाण्यात."

विजयमाला भिंत धरून आत गेली. तव्याचा आवाज आला. गोपाळरावांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा पुसला. केराबाई मुलाशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचं खाणं होईपर्यंत तिथंच बसून राहिली.